आठवी गाडी

“ह्यांना वजन विचारू नकोस पोरी. मोज,” असं लुएला मला सप्टेंबरमध्येच म्हणाली होती, आणि मी हसले होते.

हसले, कारण त्या दिवशी सगळेच हसत होते. आमच्या गावात सुगीच्या जत्रेला दरवर्षी एक खेळ असतो. मक्याचे आणि सोयाबीनचे ट्रक तोलायचा जो मोठा काटा गोदामाशी आहे, त्यावर त्या दिवशी एक जुनी मसल कार, म्हणजे साठ-सत्तर सालची मोठ्या इंजिनाची दणकट गाडी, चढवतात. दरवर्षी एकच. मालकानं आधी सगळ्यांसमोर मोठ्यानं आपल्या गाडीचं वजन सांगायचं, मग बाकीच्यांनी चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचा अंदाज जवळ जाईल त्याला डुकराच्या मांडीचं अख्खं हॅम. मालकाला हॅम मिळाल्याचं कुणाच्या आठवणीत नाही.

ह्या वर्षी पाळी व्हर्नची होती. व्हर्न म्हणजे रस्त्यापलीकडचा आमचा शेजारी, बासष्ट वर्षांचा, आणि त्याची गाडी म्हणजे सत्तर सालची निळी शेव्हल, बॉनेटवर दोन जाड पांढरे पट्टे. व्हर्ननं टपावर हात ठेवला आणि लेकराचं वय सांगावं तसं सांगितलं, “चौतीसशे पन्नास पौंड.”

काट्याच्या खिडकीत तीस वर्षं लुएलाच बसते. तिनं चष्मा सारखा केला आणि भोंग्यातून आकडा वाचला. “चार हजार वीस.”

“व्हर्न, डिकीत बायको बसलीय का रे?” कुणीतरी ओरडलं.

“बायको कशाला, सासू असेल!”

व्हर्न लाल झाला. “सकाळी मक्याचा ट्रक उभा होता ह्याच्यावर. दाणे राहिले असतील.”

“पाचशे सत्तर पौंडांचे दाणे? कोंबड्या बोलव रे कुणीतरी!”

ह्या गोंधळात लुएलानं मला बोटानं खिडकीपाशी बोलावलं. माझा चौथा महिना होता, आणि साडेतीन वर्षांचा माझा मुलगा इमेट माझ्या हाताला लोंबकळत डोनट मागत होता.

“डेलिया, व्हर्नची गाडी हिवाळ्यात तुमच्याच कोठारात असते ना?”

“व्हर्नचीच का, सात जणांच्या असतात.”

“वरच्या मजल्यावर. आणि खाली?”

“खाली शेळ्या.”

“आणि शेळ्यांजवळ?”

मी इमेटकडे पाहिलं. “पॉप. आणि बहुतेक वेळा हा. पण पॉपनी सगळ्या गाड्यांची वजनं लिहून ठेवलीत, लुएला. हिशेब करूनच ठेवतात ते.”

“वजनं लिहिली कुणाला विचारून?”

“ज्याच्या त्याला.”

तेव्हा तिनं ते वाक्य म्हटलं. मी हसले, इमेटला डोनट घेतला आणि विसरून गेले. खरं तर मी काळजी न विसरणारी बाई आहे. चुलीपाशी गरम भांड्याचा कान आत वळवलेला आहे ना हे तीनदा बघणारी. आणि नेमकं हे मी विसरले.

पॉप म्हणजे माझे सासरे, ऑरिन बेक्विथ. इमेट त्यांना पॉप म्हणतो म्हणून मीही म्हणते. त्यांनी चाळीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एकदाही घंटेनंतर पोचले नाहीत. माझा नवरा कर्टिस उत्तरेकडच्या समुद्राएवढ्या सरोवरांवर खनिजवाहू बोटीवर असतो. मार्चमध्ये जातो आणि बर्फानं पाणी बंद झालं की जानेवारीत परततो. त्यामुळे घरात वर्षातले दहा महिने मी, इमेट आणि पॉप.

आमचं कोठार उताराला टेकून बांधलेलं आहे, ह्या भागात सगळी तशीच. मागच्या बाजूनं मातीच्या चढावरून थेट वरच्या मजल्यावर गाडी नेता येते. पुढच्या बाजूनं खाली उतरलं की दगडी भिंतींचा गोठा. वर पूर्वी गवताच्या गंजी असायच्या. गवत गेलं तशा ह्या गाड्या आल्या. ऑक्टोबरअखेर, बर्फ वितळवायला रस्त्यावर पहिलं मीठ पडायच्या आत, मालक आपापली गाडी पुसून, चादर घालून आणून ठेवतात आणि एप्रिलमध्ये नेतात. पॉपसाठी ती गंमत होती. दिवसभरात कुणी ना कुणी येणार, चादर उचलून बघणार, मग खाली येऊन शेळ्यांजवळ तासभर बसणार.

पण पॉप गंमतसुद्धा नेमानं करणारे. पहिल्या वर्षीच त्यांनी जुनी कोठारं दुरुस्त करणाऱ्या सुताराला बोलावून तुळया तपासल्या होत्या. तो म्हणाला होता, सव्वीस हजार पौंड, त्यावर एक पौंडही नको. पॉपनी दारामागे एक पाटी ठोकली. पेन्सिलीनं सात नावं, नावापुढे वजन. कुणी बत्तीसशे, कुणी पस्तीसशे, व्हर्न चौतीसशे पन्नास. बेरीज तेवीस हजार तीनशे. खाली रेघ मारून लिहिलेलं, ‘शिल्लक दोन हजार सातशे.’ ह्या शिलकेचा त्यांना अभिमान होता. आठव्या माणसानं गाडी ठेवायला विचारलं, तर तेवढ्यासाठी त्यांनी नाही म्हटलं होतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मी पेंढा काढायला वर गेले होते. इमेट खिशात काळे अक्रोड भरून आला होता, आमच्या कुंपणाशी झाड आहे त्याचे. त्यानं एक अक्रोड जमिनीवर ठेवला. अक्रोड क्षणभर थांबला, मग आपणहून निघाला आणि व्हर्नच्या गाडीखाली गेला. इमेटनं दुसरा ठेवला, दुसऱ्या कोपऱ्यातून. तोही तिकडेच गेला.

“आई, गाडी बोलावते त्यांना!”

मी तिसरा ठेवला. मग चौथा. इमेट टाळ्या वाजवत होता. मागच्या वर्षी त्याच जमिनीवर तो लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायचा.

मी खाली गोठ्यात गेले. पॉप डचेसची धार काढत होते. डचेस आमची काळीभोर शेळी. तिच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत भुशाची पिवळी रेघ होती, पट्टी लावून ओढल्यासारखी. वर पाहिलं तर तुळईशेजारच्या फटीतून अजूनही भुस्सा गळत होता, जेमतेम दिसेल एवढा.

“पॉप, ही रेघ आधी असायची?”

“काय?”

ते गोठ्यात कानातलं यंत्र काढून ठेवतात. एक शेळीनं खाल्लं होतं, तेव्हापासून. मी जवळ जाऊन पुन्हा विचारलं.

“जुनं लाकूड आहे. थंडीत आखडतं, बोलतं,” ते म्हणाले. “माझे गुडघे नाही बोलत?”

“गुडघ्यांवर सात गाड्या नाहीत तुमच्या.”

“सातांचा हिशेब दाराला लावलाय, मुली. वाच.”

मी वाचला. आणि तेव्हा, अगदी तेव्हा, मला लुएलाचं खिडकीतलं ते वाक्य आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी गोदामावर गेले. सुगी संपली होती, काट्यावर कुणी नव्हतं. लुएला पायाशी हीटर घेऊन शब्दकोडं सोडवत होती. मी तिला अक्रोडांबद्दल सांगितलं. तिनं कोडं बाजूला सारलं. कपाटावरून बुटांचं खोकं काढलं. काट्यावरच्या प्रत्येक वजनाची एक प्रत ती ठेवते, जत्रेतलीसुद्धा. गेली सात वर्षं दरवर्षी एक गाडी, आणि सातही आमच्याच कोठारातल्या. गावात धड अवस्थेत तेवढ्याच आहेत.

मी पाटीचा फोटो काढून आणला होता. तिनं एकेक पावती शेजारी ठेवली. पाचशे सत्तर जास्त. सहाशे दहा जास्त. चारशे नव्वद जास्त. एकही कमी नाही.

“खोटं का बोलतात पण?” मी म्हटलं. “जत्रेत सगळ्या गावासमोर तोलल्यावरही पाटीवर तोच जुना आकडा?”

“खोटं नाही बोलत. तेच तर अवघड आहे.” तिनं पेन्सिल कानावर खोचली. “असं बघ. जो आकडा ह्यांच्या डोक्यात आहे तो कुठल्यातरी जुन्या मासिकातला. सगळ्यात साध्या गाडीचा. लहान इंजिन, पेट्रोल नाही, तेलपाणी नाही, आत बसायला माणूस नाही. ह्यांच्या गाडीत काय आहे? ओतीव लोखंडाचं मोठं इंजिन, ते एकटंच साडेसहाशे-सातशे पौंड. खाली रेल्वेच्या डब्यासारखी चौकट. दारं खरी पोलादाची, काचा जाड. मग हे त्यात घालतात वातानुकूलन, मोठा रेडिएटर, आवाज येऊ नये म्हणून डांबराच्या चादरी, गंजावर पुट्टीचे थर. व्हर्नच्या दाराला चुंबक चिकटत नाही ठाऊक आहे? एवढी पुट्टी आहे.”

“आणि पेट्रोल,” मी म्हटलं. मला एकदम आठवलं. “हिवाळ्यात टाकी काठोकाठ भरून ठेवतात. आत दमट हवा राहू नये म्हणून.”

“वीस गॅलन. सव्वाशे पौंड ते. आणि डिकीत?”

डिकीत काय असतं ते मला माहीत होतं. सुटे भाग. जुनं सायलेंसर, जास्तीचा जनरेटर, जिंकलेल्या ढाली. कोठार म्हणजे त्यांचं गोदामच झालं होतं.

“पण खरं कारण वेगळंच आहे,” लुएला म्हणाली. “ही गाडी पायाखाली अशी उसळते ना, की तिच्यात बसलेल्या माणसाला ती जड वाटूच शकत नाही. अठराव्या वर्षी वाटली नाही, आता कशी वाटेल? तू त्यांना चार हजार म्हटलंस तर त्यांना वाटतं तू त्यांच्या पोटाबद्दल बोलतेस.”

बेरीज सत्तावीस हजार नव्वद आली. पाटीवरच्यापेक्षा तीन हजार सातशे नव्वद जास्त. मी ते दोनदा केलं. म्हणजे आमच्या कोठारात एक आठवी गाडी उभी होती. पॉपनी जिला नाही म्हटलं होतं ती. दारातून न येता आलेली, कुणालाच न दिसलेली, आणि तिच्याखाली माझा मुलगा करडांना बाटलीनं दूध पाजत होता.

त्या संध्याकाळी मी पावत्या पॉपसमोर जेवणाच्या टेबलावर मांडल्या. त्यांनी बीन्सचं ताट बाजूला केलं, पेन्सिल आणली, स्वतः बेरीज केली. मग खालून वर पुन्हा केली. मग पेन्सिल ठेवून दिली.

“मी त्यांना विचारलं होतं,” ते म्हणाले.

“माहीत आहे, पॉप.”

“प्रत्येकाला विचारलं होतं मी. समोर उभं करून.”

मला वाटलं होतं ते रागावतील. पण त्यांचा चेहरा बसची फेरी चुकलेल्या माणसासारखा झाला होता. पावत्या गोळा करत म्हणाले, “सांगतो सगळ्यांना. पाऊस पडला की येऊन नेतील.”

“पाऊस कशाला?”

“रस्त्यावर मीठ आहे, डेलिया.”

मला ओरडावंसं वाटलं. तीन दिवसांपूर्वी पहिला बर्फ झाला होता आणि सरकारी गाड्यांनी रस्ते मिठानं पांढरे केले होते. मिठातून मसल कार नेणं म्हणजे ह्या माणसांच्या लेखी दिवाणखान्यात घोडा आणणं. वर्षानुवर्षं घासून, रंगवून ठेवलेलं ते पोलाद एका फेरीत आतून गंजायला लागतं. एक-दोन चांगले पाऊस झाले, रस्ते धुतले, की मगच. पॉपनी त्याच रात्री सगळ्यांना फोन केले, आणि मी शेजारी बसून प्रत्येकाचं तेच उत्तर ऐकलं. नेतो की. मीठ उतरू दे.

व्हर्न तर स्वतः आला. “काय गं कॉलेजवाली, लुएलाच्या खोक्यावर विश्वास आणि आमच्यावर नाही?”

“अक्रोडावर विश्वास आहे माझा. वर चला, दाखवते.”

“हे कोठार माझ्या आज्याच्या वेळचं. चाळीस टन गवत पेललंय ह्यानं.”

“गवत पसरलेलं असतं, व्हर्न. तुमची गाडी चार तळहातांएवढ्या जागेवर उभी आहे.”

तो पॉपकडे वळला. “ऑरिन, हिला झोप कमी पडतेय. पोटुशी आहे.”

पॉपनी व्हर्नला दारापर्यंत सोडलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं एक ऐकलं, शेळ्या अवजारांच्या शेडमध्ये हलवल्या. धार काढायचा चौथरा तेवढा गोठ्यातच राहिला, कारण तो जमिनीत रोवलेला होता. मी इमेटला गोठ्याची बंदी घातली. दारावर वरच्या बाजूला कडी लावून घेतली.

कर्टिसचा डुलुथ बंदरातून फोन आला. मी सगळं सांगितलं. पलीकडे वारा होता, कुणीतरी साखळी ओढत होतं.

“बाबा आहेत ना तिथं?” तो म्हणाला.

“बाबांसाठीच सांगतेय.”

“डेल, तू नीट झोपतेस का?”

मी फोन ठेवला. मला त्याचा राग आला नाही. सहाशे मैलांवरून मलाही तेच वाटलं असतं.

पाऊस आला नाही. कोरडी, निळी थंडी पडली. रोज सकाळी मी उठून आधी खिडकीतून आभाळ बघायची. मग वर जाऊन अक्रोड ठेवायची. पहिल्या दिवशी अक्रोड थांबून निघाला. सहाव्या दिवशी हात काढायच्या आत निघायला लागला.

बुधवारी दुपारी मी इमेटला दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. परत यायला चार वाजले, ऊन कोठाराच्या छपरावरून उतरलं होतं. शेडमध्ये शेळ्या ओरडत होत्या. धारेची वेळ टळली होती. पॉप आणि वेळ टळणं!

घरात नव्हते. शेडमध्ये नव्हते. गोठ्याचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत उजेड होता.

“पॉप खाली गेला,” इमेट म्हणाला. “पॉपला कडी उघडता येते.”

मी त्याला ट्रकमध्ये बसवलं, पट्टा लावला, खिडकी दोन बोटं उघडी ठेवली. “आई समोरच आहे. शंभर म्हण.” त्याला वीसपर्यंतच येतात.

दारातून मला पॉपची पाठ दिसली. चौथऱ्यावर त्यांनी एक स्क्रूचा खांब उभा केला होता, तळघराला टेकू द्यायला वापरतात तसला, आणि लांब दांड्यानं ते तो फिरवत होते. तुळई वर उचलायला. एकट्यानं. तुमची बेरीज चुकली तर ती तुम्हीच दुरुस्त करायची, बहुतेक असं काही त्यांच्या मनात होतं. मला न सांगता, मी नसताना.

एका वेढ्याला तुळई बोलली. लाकूड आखडल्याचा आवाज मी त्या आठवड्यात पुष्कळ ऐकला होता. हा तो नव्हता. हा कापड फाटल्यासारखा होता, हळू, लांब. पॉपनी मान वर केली नाही. कानातलं यंत्र खिडकीच्या कट्ट्यावर होतं.

“पॉप!” मी ओरडले. “पॉप, बाहेर या!”

त्यांनी आणखी एक वेढा दिला.

आत जावं आणि त्यांना ओढावं, असं माझे पाय म्हणत होते. एक पाय मी उंबऱ्यावर ठेवलासुद्धा. पोटातलं बाळ हललं. ट्रकमधून इमेटचा आवाज येत होता, “अकरा, बारा, तेरा…” मी तिथंच थांबले. ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. मी ठरवून थांबले. त्यांच्यासाठी आत जायचं नाही असं ठरवून.

मग हाताला दाराशेजारचं दिव्याचं बटण लागलं. जेवायला बोलवायचं असलं की आम्ही गोठ्याचा दिवा तीनदा विझवतो, त्यांना ऐकू येत नाही म्हणून. मी विझवला, लावला. विझवला, लावला. विझवला, लावला.

पॉपनी दांडा सोडला आणि वैतागून वळले. “आत्ता? पाच मिनिटं थांब की!”

मी पुन्हा विझवला आणि विझलेलाच ठेवला. अंधारात काम करता येत नाही. ते पाय ओढत, कुरकुरत, भिंत चाचपत बाहेर आले. मी त्यांची बाही धरली आणि अंगणाच्या मध्यापर्यंत सोडली नाही.

“मला काय वाटलं, जेवण झालं की काय. अजून साडेचारही—”

तेव्हा झालं. मोठा धडाका वगैरे काही नाही. कुणीतरी आत जड पेटी खाली ठेवल्यासारखा आवाज आणि मग दारातून भुशाचा ढग. पॉपना ऐकू आलं नाही, पण पायांना कळलं. त्यांनी खाली जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

ढग बसल्यावर आम्ही दारातून बॅटरीचा उजेड मारला. तुळई मधोमध चिरली होती. स्क्रूचा खांब आडवा पडला होता. आणि बरोबर धारेच्या चौथऱ्याच्या वर, फळी फोडून, निळ्या शेव्हलचं मागचं चाक खाली आलं होतं आणि संथपणे फिरत होतं. भोकातून एक अक्रोड पडला. मग आणखी एक.

“वीस!” ट्रकमधून इमेट ओरडला. “आई, वीसनंतर काय?”

पॉप अंगणात उभेच राहिले. टोपी काढून त्यांनी हातात धरली होती. “मी बेरीज दोनदा केली होती,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुतार ओंडके घेऊन आला, टेकू लागले. दुपारपर्यंत सातही जण आले. कुणी पावसाचं नाव काढलं नाही. एकेक गाडी चादर काढून, ढकलत, दोर बांधून चढावर आणली आणि पांढऱ्या रस्त्यावर सोडली. ती माणसं ताशी दहा मैलांनी चालवत होती, दुखऱ्या माणसाला दवाखान्यात नेताना चालवतात तशी. मला त्यांची दया आली, खरंच आली.

व्हर्नची शेवटी निघाली. तो फुटलेल्या फळीशी वाकून उभा होता.

“किडकी होती,” तो म्हणाला. “बघ ऑरिन, कडेला बघ. फळीच किडकी होती.”

मी पॉपकडे बघितलं. त्यांच्या खिशात पावती होती, चार हजार वीसची. ती काढायला एक क्षण पुरला असता. त्यांनी व्हर्नच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “गाडीला लागलं नाही ना?”

मग मीच ती त्यांच्या खिशातून काढून व्हर्नपुढे धरली. व्हर्ननं ती न बघता म्हटलं, “कॉलेजवाली, त्या काट्याची तपासणी कधी झालीय विचार लुएलाला.” बाकीचे हसले. थोडंसंच, पण हसले.

हे सगळं मी आता शहरातल्या रुग्णालयातून लिहितेय. आठवा महिना आहे, रक्तदाब वर गेला म्हणून डॉक्टरांनी मला डाव्या कुशीवर झोपवून ठेवलंय. उठायची परवानगी नाही. इमेट पॉपकडे आहे. कर्टिसची बोट पुढच्या आठवड्यात लागेल. लुएला दरवर्षीसारखी ख्रिसमसनंतर फ्लोरिडाला गेली.

काल पॉपचा फोन आला. त्या सातांपैकी तीन गाड्या आता हॉलो रोडवरच्या ऑगस्टा टीटरच्या कोठारात आहेत. व्हर्नचीही. ऑगस्टा ऐंशीच्या पुढची, एकटी राहते. तिचं कोठार आमच्याहून जुनं. खाली तिच्या मेंढ्या असतात आणि जानेवारीअखेर त्या व्यायला लागतात. तेव्हा ती खुर्ची टाकून तिथंच बसते, दिवसचे दिवस. पॉप खास तिच्याकडे गेले होते.

“सांगितलंत?” मी विचारलं.

“सांगितलं. ती म्हणाली, मीही वजनं विचारूनच घेतलीत. दाराला पाटी लावलीय तिनं. माझी बघून.”

“व्हर्नच्या पुढे काय लिहिलंय?”

फोनवर लांबून शेळीचा आवाज आला.

“पॉप?”

“चौतीसशे पन्नास.”

“मग तुम्ही खोडलं का नाही?”

“दुसऱ्याच्या पाटीवरचं कसं खोडू, मुली? मी सांगितलं. ती म्हणाली, ऑरिन, व्हर्न माझ्याशी खोटं का बोलेल?”

मी तिला फोन केला. सहा वेळा. ती गोठ्यात असते, उचलत नाही. पावतीची प्रत टपालानं पाठवली. टपालाची पेटी ती आठवड्यातून एकदा उघडते. मालकांना फोन केला, तर एकच उत्तर, मीठ उतरू दे.

म्हणून तुम्हाला सांगतेय. हॉलो रोडवरून तुमचं जाणं-येणं असेल तर आज, उद्यावर न टाकता, तिच्याकडे एक चक्कर मारा. लाल छप्पर, पुढे मोडक्या पवनचक्कीचा खांब. वर जाऊन जमिनीवर एखादा गोल दगड ठेवा आणि तो कुठं जातो बघा. मग खाली जा, पण आत जाऊ नका. हाक मारून उपयोग नाही, मेंढ्यांसाठी ती रेडिओ मोठा लावून ठेवते. दाराच्या डाव्या हाताला दिव्याचं बटण आहे. तीनदा विझवा आणि विझलेलाच ठेवा. ती चिडून बाहेर येईल. आली की तिची बाही धरा, अंगणाच्या मध्यापर्यंत न्या आणि मग मला कळवा, ती ठीक आहे म्हणून.